ककणेरिणीच्या झाडाची राखणदोरी

बकुळीच्या घरात सकाळी पेज शिजायची आणि दुपारी त्याच पेजेत पाणी घालून ती वाढवायची. संध्याकाळी आये म्हणायची, "मला भूक नाय गो." बकुळीही म्हणायची, "मला पण नाय." दोघी खोटं बोलायच्या, आणि दोघींनाही ते ठाऊक असायचं.

डोंगराच्या कुशीत उंबरखोल नावाचं चिमुकलं गाव होतं. गावाभोवती हिरवंगार, घनदाट रान होतं. पण त्यातलं एकेक झाड कुणाच्या ना कुणाच्या मालकीचं. हा आंबा भागाकाकूंचा, तो वड इस्माईलचाचांचा, तो बेहडा खोतांचा. बकुळीच्या आयेच्या नावावर मात्र गवताची काडीसुद्धा नव्हती. गवत कापताना घसरून तिचा पाय मुरगळला, तो काही धड बसला नाही. ती दारात बसून पत्रावळी टाचायची आणि पानं गोळा करायला जायची बकुळी. वय वर्षं नऊ, वेण्या दोन, आणि दोन्ही वेण्यांत नेहमी पाचोळा अडकलेला!

उंबरखोलात एक जुनी रीत होती. झाडावर मधाचं पोळं धरलं किंवा फणस लगडले, की झाडाचा मालक बुंध्याला गवताची दोरी बांधायचा. तिला राखणदोरी म्हणत. राखणदोरी दिसली की समजायचं, हे झाड कुणीतरी आपलं म्हणून राखलंय, त्याला हात लावायचा नाही. गावात भांडणं होत, रुसवेफुगवे होत, पण राखणदोरीला कुणी धक्का लावत नसे.

एका सकाळी पानं वेचता वेचता बकुळीला सात लाल-लाल, टपोरी उंबरं सापडली. आज आयेला आणि मला मेजवानी, असं म्हणत तिने ती ओच्यात बांधली. तेवढ्यात झुडपामागून फडफड ऐकू आली. बघते तर काय, कुणीतरी भाजीच्या वाफ्यावरून काढून फेकलेल्या जाळ्यात एक भलामोठा पक्षी अडकला होता! काळेभोर पंख, पांढरंशुभ्र पोट, पिवळीधमक बाकदार चोच, आणि चोचीवर आणखी एक छोटी चोच ठेवावी तसं शिंग. तो होता ककणेर, म्हणजे धनेश पक्षी. पूर्वी रानात ककणेरांच्या सात जोड्या होत्या म्हणे. आता एकच उरली होती.

"थांब रे राजा, हलू नको," बकुळी म्हणाली. ककणेराने तिच्या बोटाला कडकडून चोच मारली. "आई गं! अरे, मी सोडवतेय तुला, आणि तू मलाच चावतोस?" असं म्हणत तिने एकेक धागा सोडवला. ककणेर सुटला, पण उडाला नाही. तो तिच्या ओच्याकडे टकामका बघत राहिला.

बकुळीने ओचा घट्ट धरला. मग सैल सोडला. "घे बाबा. तुला माझ्याहून जास्त भूक दिसतेय."

एक, दोन, तीन... सहा उंबरं गट्टम! आणि सुपाने वारा घालावा तसा पंखांचा आवाज करत तो उडून गेला. सातवं उंबर तेवढं उरलं.

आता सगळ्यांना ठाऊक आहे की उंबर फोडून बघू नये. आत किडे असतात! पण एका उंबराचे दोन भाग केल्याशिवाय आयेला अर्धं कसं देणार? बकुळीने डोळे मिटून ते हळूच फोडलं. मिटल्या पापण्यांतूनही तिला सोनेरी उजेड दिसला. डोळे उघडले, तर उंबरात बोटाएवढी एक परी बसलेली! पोपटी परकर, केसांत गुलाबी परागकणांची चमचम, आणि पाठीवर दोन नाजूक पंख. पंखांवर सात पट्टे होते, पण सहा पुसट, धुरकट. एकच नारिंगी पट्टा चमकत होता.

"तू... तू उंबराचं फूल?" बकुळीने विचारलं. उंबराचं फूल कधी कुणाला दिसत नाही, असं आये म्हणायची.

"तेच मी!" परी किणकिणत्या आवाजात हसली. "माझं नाव उंबरी. रानातली ककणेराची एकेक जोडी गेली, की माझा एकेक रंग पुसतो. सहा गेले. तू आज वाचवलास ना, त्याच्या जोडीचा हा नारिंगी. तो एवढ्या घाईघाईने का गेला, माहीत आहे? त्याची बायको बांधावरच्या बेहड्याच्या ढोलीत बसली आहे. ढोलीचं तोंड तिने चिखलाने लिंपून घेतलंय. चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवली आहे. तो त्या फटीतून तिला भरवतो. तिने आपली पिसं गाळून अंड्याखाली मऊ मऊ गादी केली आहे. पिसं पुन्हा येईपर्यंत तिला उडता यायचं नाही."

बांधावरचा बेहडा! शिमगा झाला की लाकूडवाला येऊन तो तोडणार होता. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं.

"मग झाडाबरोबर ती पण..." बकुळीने उंबरीकडे पाहिलं.

"म्हणून तर मी बाहेर आले," उंबरी म्हणाली. "तू उपाशी असून दिलंस. मी तुला तीन मागणी देते. पण नियम दोन आहेत हं. एकदा मागितलेलं परत घेता येत नाही. आणि कुणाच्याही मनावर जोर करता येत नाही. ज्याचं मन त्यानेच वळवायचं."

बकुळीने मुळीच विचार केला नाही. नऊ वर्षांच्या मुलीने कशाला करावा? ती टाळी वाजवून म्हणाली, "गावातल्या सगळ्या मोठ्या झाडांना राखणदोऱ्या बांधल्या जाऊ देत! म्हणजे कुणी हातच लावणार नाही!"

"नक्की?" उंबरीने विचारलं.

"नक्की!"

झुळूक आली, चमचम झाली. आंब्याला, वडाला, सावरीला, बेहड्याला, सगळ्या झाडांना हिरव्यागार, लखलखत्या दोऱ्यांचे कमरपट्टे! बकुळी नाचत घरी गेली.

पण दुसऱ्या दिवशी उंबरखोलात जे काही झालं, ते विचारू नका. राखणदोरी बांधायची कुणी? मालकाने. मग आपल्या झाडाला दोरी दिसतेय आणि आपण तर बांधलेली नाही, म्हणजे कुणीतरी आपल्या झाडावर हक्क सांगतोय! आणि कोण सांगणार? शेजारचा, नाहीतर भाऊबंद! दिराने जावेला विचारलं, जावेने नणंदेला विचारलं, आणि दुपारपर्यंत अख्खं गाव एकमेकांवर डोळे वटारून बसलं.

सगळ्यांत मोठा आवाज आबा खोतांचा. आबा आणि तात्या खोत हे चुलतभाऊ. सात वर्षांपूर्वी एका फणसावरून भांडले, ते अजून बोलत नव्हते. बांधावरचा बेहडा दोघांच्या सामाईक मालकीचा. लाकूडवाला आबांना गोठ्यासाठी वासे देणार होता आणि तात्यांना पडवीसाठी फळ्या. एकमेकांचं तोंड न बघणारे दोघे झाड तोडायला मात्र एक झाले होते, तेही लाकूडवाल्याच्या तोंडून!

"त्या तात्यानंच बांधली दोरी!" आबांनी अंगणात काठी आपटली. "अख्खा बेहडा गिळायचाय त्याला. शिमग्यापर्यंत कशाला थांबायचं? सोमवारीच बोलवा लाकूडवाल्याला!"

"आबानंच बांधली!" बांधापलीकडून तात्या ओरडले. "सोमवारी कशाला, रविवारी बोलवा!"

लाकूडवाल्याला रविवारी सवड नव्हती. सोमवार ठरला.

बकुळी धावत उंबराखाली गेली. डोळ्यांतून टपटप पाणी गळत होतं. "उंबरी, माझं चुकलं गो. मी वाचवायला गेले आणि झाड लवकर पडणार. घे ना ते मागणं मागे!"

"नियम नियमच, बाळा," उंबरीने आपल्या परकराच्या टोकाने तिचा एक अश्रू टिपला. परकर भिजून चिंब झाला. "पण दोरीच आहे ती. बांधलेली दोरी सोडता येते. त्याला परी कशाला हवी? हातच पुरे."

मग बकुळी कामाला लागली. सोमवारला तीन दिवस होते. आधी ती गेली भागाकाकूंकडे. "काकू, तुमच्या आंब्याची दोरी मी बांधवली. तुम्हाला न विचारता. माझी चूक झाली, मी सोडते."

"तू? कशापायी गो?" भागाकाकू चकित झाल्या.

"वर शेकरूचं घरटं आहे, काकू. झाड राहिलं तर ते राहील, म्हणून."

काकूंनी मान वर करून पाहिलं. उंच फांदीवर तपकिरी शेपटीचा गोंडा हलत होता. "आगोबाय! रोज खालून जाते, आन कधी वर बघितलंच नाय." मग त्यांनी कमरेवर हात ठेवले. "सोड ती तुझी दोरी. माझ्या झाडाला दुसऱ्याची दोरी मला चालायची नाय." बकुळीने खाली मान घालून दोरी सोडली. तशी काकूंनी ती तिच्या हातातून घेतली आणि स्वतः बांधली! "आता कसं? आता माझी झाली. माझ्या नातीचं लगीन होईस्तोवर ह्या आंब्याला कोयता नाय लागायचा."

बकुळीला वाटलं, आपण स्वप्नात तर नाही ना!

इस्माईलचाचांनी वडाखाली बसून तिचं सगळं ऐकून घेतलं. "दहा वर्षं राखतो. एका वर्षाला एक गाठ मार, म्हणजे माझ्या पण ध्यानात राहील. पन वाळक्या फांद्या मी नेणार हां, सांगून ठेवतो."

"न्या की चाचा, वाळक्या सगळ्या न्या!"

कुणी पाच गाठी मारल्या, कुणी वीस. एका आजोबांनी साफ नाही म्हटलं, त्यांना सावर विकून होडी करायची होती. बकुळीने त्यांची दोरी सोडली आणि "बरं आजोबा" म्हणून पुढे गेली. आजोबा तिच्या पाठमोऱ्या वेण्यांकडे बघत राहिले आणि दुसऱ्या दिवशी आपणहून दोरी मागायला आले. "होडी काय, जुनी पन डागडुजी करून चालंल," असं पुटपुटत त्यांनी सात गाठी मारल्या.

दारोदार फिरून तळपायांना फोड आले. पण प्रत्येक मनापासूनच्या गाठीबरोबर तिकडे उंबरीच्या पंखांवर काहीतरी हळूहळू उजळत होतं.

राहिला फक्त बेहडा. त्याची दोरीही तिने सोडून जवळ ठेवली होती.

"आधी तात्याला विचार," आबा म्हणाले. "तो बांधत असंल तर बघू."

"आधी आबाला विचार," तात्या म्हणाले. "तो मोठा हाय ना?"

बकुळी पाच वेळा ह्या अंगणातून त्या अंगणात गेली. सहाव्या वेळी आबांच्या बायकोने दया येऊन तिला पाणी दिलं, पण आबा काही हलले नाहीत. रविवार मावळला.

"दोन मागणी उरलीत ना?" आयेने तिच्या फोडांना तेल लावत विचारलं. बकुळीने तिला सगळं सांगितलं होतं.

"एक तुझ्या पायासाठी आहे, आये. ते मी कुणाला नाय देणार."

"माझा पाय पळून जातोय काय? लंगडत का होईना, चालतेय मी," आये हसली. "ती बाय भिंतीआड कोंडून बसलीय. तिचं पोर बाहेर पडेस्तोवर तिच्यासाठी गाठीला काहीतरी ठेव. माझं मागाहून बघू."

सोमवार उजाडला. लाकूडवाला करवत घेऊन आला. आबा बांधाच्या ह्या बाजूला उभे, तात्या त्या बाजूला. मधे बेहडा. बुंधा एवढा रुंद, की दोघांना एकमेकांचं धोतरही दिसत नव्हतं, आणि ते दोघांच्या सोयीचंच होतं. वर फटीतून पिवळ्या चोचीचं टोक बाहेर डोकावलं आणि आत गेलं.

बकुळी झाडाला पाठ लावून उभी राहिली. मनात म्हणाली, जोर करता येत नाही. दाखवताही येत नाही, ढोल तर उंचावर आहे. मग तिला सुचलं. ती कुजबुजली, "उंबरी, दुसरं मागणं. झाडाच्या आत काय चाललंय, ते कान लावील त्याला ऐकू येऊ दे. पुढे त्याचं मन आणि तो." आणि मोठ्याने म्हणाली, "आबा, तात्या, एकदा फक्त कान लावा. मग काय करायचं ते करा. मी काय बोलणार नाय."

"झाडाचं काय ऐकायचं?" आबा गुरगुरले. पण नऊ वर्षांची पोर एवढ्याशा गोष्टीसाठी हात जोडून उभी आहे म्हटल्यावर त्यांनी बुंध्याला कान लावला. पलीकडून तात्यांनीही लावला.

आधी आलं टुक... टुक. अंड्याच्या आतून चिमुकली चोच कवचावर ठोकत होती. मग एक मऊ, खरखरीत आवाज आला.

"भिऊ नको हं बाळा. खाली पावलं वाजतायत, पण ती ओळखीची आहेत. मला माझ्या आईने सांगितलं, तिला तिच्या आईने. आपण पिढ्यान्‌पिढ्या ह्याच ढोलीत जन्मलो. फार पूर्वी ह्या झाडाखाली दोन पोरं लपंडाव खेळायची. एक ह्या बाजूला, एक त्या बाजूला. झाड इतकं रुंद, की कितीही गोल फिरली तरी एकमेकांना सापडायचीच नाहीत. शेवटी दोघांना रडू यायचं आणि मग दोघं एकदम हाका मारायची. त्या पोरांनी कधी ढोलीवर दगड मारला नाही. ती असताना आपल्याला काही होत नाही."

टुक... टुक... टुक.

लाकूडवाला करवत खांद्यावर घेऊन वाट बघत होता. आबा झाडाला कान लावून तसेच उभे होते आणि त्यांच्या भरघोस मिशीवरून पाणी ओघळत होतं.

"पलीकडे कोण हाय रे?" शेवटी आबांनी विचारलं.

पलीकडून बुंध्यावर तळहाताची थाप पडली आणि सत्तर वर्षांचे तात्या खोत म्हणाले, "धप्पा!"

आबा हसायला लागले, रडायला लागले, आणि पुन्हा हसायला लागले. "बकुळे, आण गो ती दोरी! तात्या, टोक धर. मी एकटा नाय पुरत ह्याला!"

दोरीचं एक टोक आबांनी धरलं, दुसरं तात्यांनी. दोघे गोल फिरत समोरासमोर आले, सात वर्षांत पहिल्यांदाच. "मी धा वर्सं राखणार," म्हणत आबांनी दहा गाठी मारल्या. "मी अकरा!" तात्यांनी अकरा मारल्या. "मग मी बारा!" असं करता करता दोरी संपली, तरी त्यांची चढाओढ संपेना.

"आन तुझ्या गोठ्याच्या वाशांचं काय?" तात्यांनी विचारलं. "तो आपला फणस गेल्या वादळात पडला. त्याचं खोड माझ्या मागल्या दारी हाय. ने वासे काढून. उरलं त्यात माझी पडवी हुईल."

"तो फणस माझाच होता," आबा म्हणाले.

"माझा होता!"

"आबा! तात्या!" बकुळी ओरडली, तसे दोघे ओशाळून गप्प बसले. बिचारा लाकूडवाला हात हलवत जाणार होता, पण आबांनी त्याला भाकरी आणि कोकमाची कढी वाढली आणि पडलेला फणस चिरायचं काम दिलं. तो खूश होऊन गेला.

शिमगा सरला, चैत्र सरला. वैशाखातल्या एका सोनेरी सकाळी सगळं गाव बेहड्याखाली माना वर करून उभं होतं. आये काठी टेकत आली होती. टक! टक! चिखलाची भिंत फुटली. आधी ककणेरीण बाहेर आली, नवीकोरी पिसं साफ करत. मग तिच्यामागून वेडंवाकडं, गुबगुबीत पिल्लू डोकावलं, खाली एवढी माणसं बघून दचकलं आणि पुन्हा आत पळालं. सगळे खो खो हसले. तिसऱ्यांदा धीर करून ते उडालं, आणि थेट इस्माईलचाचांच्या वडावर जाऊन बसलं.

त्याच क्षणी बकुळीच्या खांद्यावर उंबरी उतरली. तिच्या पंखांवर सातही रंग झळाळत होते! "एवढी झाडं राखलीत, आता ककणेरांच्या जोड्या परत येतील, म्हणून रंगही परत आले गं," ती म्हणाली. "आता शेवटचं मागणं?"

"माझ्या आयेचा पाय बरा होऊ दे," बकुळी म्हणाली. तिने हे वाक्य इतके दिवस तोंडात धरून ठेवलं होतं.

सात रंगांचा एक इवलासा धागा आयेच्या घोट्याभोवती फिरला. आयेने पाय टेकला. पुन्हा टेकला. मग काठी भिरकावून ती बकुळीकडे धावली, खरोखरच धावली, आणि तिने लेकीला उचलून गरगर फिरवलं. त्यांच्याभोवती सोनेरी, गुलाबी, नारिंगी उजेडाची रांगोळी फुलली आणि उजेड विरला, तेव्हा उंबरी त्यात विरघळून गेली होती. तिला कुणीच पुन्हा पाहिलं नाही.

गावाने त्याच दिवशी ठरवलं, की राखलेल्या झाडांची राखणदार म्हणून आयेला नेमायचं, आणि प्रत्येक घराने तिला हंगामाला पायलीभर भात घालायचा. आबा आणि तात्यांनी आपल्या जमिनीतली, तिच्या झोपडीखालची जागा आणि पुढचं अंगण तिच्या नावावर करून दिलं. त्या दिवसापासून घरात कुणाला खोटं खोटं "भूक नाय" म्हणावं लागलं नाही.

आणि एक दिवस ककणेर सुपासारखे पंख वाजवत आला आणि त्याने बकुळीच्या अंगणात एक बी टाकलं. पावसाळ्यात तिथे बोटभर उंचीचं रोप आलं, दोन चिमुकल्या पानांचं. बेहडा!

बकुळी त्याच्यापुढे उकिडवी बसली. ह्या झाडाचा मालक कोण, हे तिला कुणाला विचारावं लागलं नाही. तिने गवताची एक बारीक काडी घेतली, आणि आपल्या हातांनी रोपाभोवती सैलसर बांधली.

"गाठी किती मारू गो आये?"

"मोजू नको," आये म्हणाली. "मारत राहा."

उंबरखोलात कधी गेलात, तर बांधावरच्या त्या बेहड्याखाली उभे राहा आणि बुंध्याला कान लावा. काही ऐकू आलं, तर मलाही सांगा.